सोंग नव्हे, आजार!
श्लेस्विगमध्ये १८१५ साली जन्मलेले ज्युलियस थॉमसेन काप्पेल्न या छोट्या गावात डॉक्टर होते. त्यांना स्वतःलाच एक विचित्र त्रास होता. बसल्या जागेवरून एकदम उठले की पाय आखडत, आवळलेली मूठ लवकर सुटत नसे. तीच हालचाल चार-पाच वेळा केली की स्नायू मोकळे होत.

१८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग गमावले. पुढे ते प्रशियात गेले आणि थॉमसेन यांच्या धाकट्या मुलावर लष्करी सेवेची वेळ आली. त्यालाही हाच त्रास होता. सेवा टाळण्यासाठी तो सोंग करतो, असा आरोप झाला. तेव्हा साठीतल्या बापाने १८७६ मध्ये शोधनिबंध लिहून स्वतःचा आणि घराण्यातील अनेक पिढ्यांचा आजार जगापुढे मांडला. मूळ कारण मात्र त्यांना मनाच्या आनुवंशिक ठेवणीत दिसले. तिथे ते चुकले.

१८९६ मध्ये थॉमसेन वारले. या विकाराला त्यांचे नाव मिळाले. मायोटोनिया कंजेनिटा हे त्याचे दुसरे नाव. खरे कारण १९९२ मध्ये सापडले. सातव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील दोषामुळे स्नायूपेशींतील क्लोराइडचा मार्ग नीट चालत नाही आणि आकुंचन पावलेला स्नायू सैल व्हायला वेळ लागतो.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही अंग ताठरते, पण दोष स्नायूत नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला करते. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले होते. तो थॉमसेन यांच्या विकारासारखा थेट आईबापांकडून मुलांकडे जात नाही.

क्वचित दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असू शकतात. तेव्हा नवा ताठरपणा जुन्याच आजाराच्या खात्यावर टाकला जाण्याचा धोका असतो. थॉमसेन यांच्या विकारात हालचालीने स्नायू सुटतात. एका डोळ्याला अंधूक दिसणे, अंग बधिर होणे, लघवीवर ताबा न राहणे ही मात्र त्याची लक्षणे नव्हेत. ती दिसली तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. स्नायूंसाठी ईएमजी, मेंदू आणि मज्जारज्जूसाठी एमआरआय या तपासण्या आज उपलब्ध आहेत. थॉमसेन यांच्या मुलाकडे पुरावा म्हणून फक्त बापाचा शब्द होता.