रविवार पाळणारा धावपटू

आपल्या शिंगणापूर-नेवाशाच्या पंचक्रोशीत वार पाळणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शनिवारी अमुक गोष्ट करायची नाही, सोमवारी तमुक खायचे नाही, हे घरोघरी ठरलेले असते आणि त्यासाठी थोडेफार नुकसान सोसायचीही तयारी असते. शनिदेवाच्या भरवशावर घराला दार न लावण्याची रीत ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या सांभाळली, त्या गावच्या परिसरात वाढलेल्या माणसाला, कोणी एका वारासाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली हे ऐकून हसू येणार नाही. उलट पुढे काय झाले हे त्याला जाणून घ्यावेसे वाटेल. एरिक लिडेलच्या चरित्रात जे खरे पाहण्यासारखे आहे ते या ‘पुढे’मध्येच आहे. १९८१ साली निघालेल्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या गाजलेल्या चित्रपटाने त्याला जगभर पोहोचवले, पण चित्रपट संपतो तो शर्यतीपाशी. लिडेलचे आयुष्य त्यानंतर आणखी वीस वर्षे चालले.

एरिक हेन्री लिडेलचा जन्म १६ जानेवारी १९०२ रोजी चीनमधील तिएन्त्सिन शहरी झाला. आईवडील स्कॉटलंडचे. लंडन मिशनरी सोसायटीतर्फे ते चीनमध्ये काम करीत. एरिक सहा-सात वर्षांचा असताना त्याला आणि थोरल्या रॉबला इंग्लंडात, मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या वसतिगृहाच्या शाळेत ठेवले गेले आणि आईवडील पुन्हा चीनला परतले. वर्षानुवर्षे गाठ पडू नये, पत्रांवर भूक भागवावी, असे ते बालपण होते. देवाच्या कामासाठी मुलांची ताटातूट करणे बरोबर की चूक, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारीत नसे. आज आपण जरूर विचारावा. पुढे हीच ताटातूट एरिकच्या स्वतःच्या मुलींच्या वाट्याला आली.

१९२० साली तो एडिंबरो विद्यापीठात विज्ञान शिकू लागला. तेथे त्याचे पाय लोकांच्या नजरेत भरले. रग्बीत तो स्कॉटलंडकडून सात आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि मग सारे लक्ष धावण्याकडे वळवले. त्याची धावण्याची ढब मात्र कोणत्याही प्रशिक्षकाने कपाळावर हात मारून घ्यावा अशी होती. मान मागे टाकलेली, तोंड उघडे, हात हवेत भिरभिरणारे! तरीही १९२३ मध्ये शंभर यार्डांची शर्यत त्याने ९.७ सेकंदांत जिंकली आणि तो ब्रिटिश विक्रम पुढे कित्येक वर्षे टिकला. त्याच वर्षी स्टोक येथे ४४० यार्डांच्या शर्यतीत सुरुवातीलाच धक्का लागून तो मैदानाबाहेर पडला. उठेपर्यंत इतर जण वीसेक यार्ड पुढे गेले होते. त्याने सर्वांना गाठले, शर्यत जिंकली आणि शेवटच्या रेषेपलीकडे कोसळला.

स्वभावाने तो लाजरा. पण त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये आर्माडेल या खाणकामगारांच्या गावी आपल्या श्रद्धेविषयी चार शब्द बोलण्याची विनंती त्याला झाली आणि तो बोलला. त्यात वक्तृत्व नव्हते, पण देशातला सर्वांत वेगवान माणूस साधेपणाने काही सांगतो आहे म्हणून लोक ऐकू लागले.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत त्यानेच जिंकावी अशी साऱ्या ब्रिटनची अपेक्षा होती. त्या शर्यतीच्या प्राथमिक फेऱ्या ६ जुलैला, रविवारी, ठेवलेल्या होत्या. श्रद्धाळू ख्रिस्ती घरातल्या लिडेलच्या दृष्टीने रविवार हा प्रभूचा वार होता. त्याने नकार दिला. चित्रपटात हे संकट बोटीत बसल्यावर कोसळल्यासारखे दाखवले आहे, परंतु प्रत्यक्षात त्याला ते काही महिने आधीच ठाऊक होते. मला तर यामुळे त्याचा निर्णय अधिक मोलाचा वाटतो. आयत्या वेळी ताठ मानेने नाही म्हणणे सोपे असते, पण महिनोन् महिने देशद्रोही, हेकट अशी दूषणे सोसत आपला सराव चालू ठेवणे अवघड असते. दोन रिले शर्यतींचे सामनेही रविवारी येत असल्याने त्याने तेही सोडले आणि चारशे मीटरची तयारी केली. ६ जुलैला पॅरिसच्या मैदानावर इतर जण धावत होते तेव्हा तो चर्चमध्ये उपासनेला बसला होता. ९ जुलैला दोनशे मीटरमध्ये त्याला ब्राँझ पदक मिळाले. ११ जुलैला चारशे मीटरच्या अंतिम शर्यतीत त्याला अगदी बाहेरची पट्टी मिळाली होती, म्हणजे मागचे कोणी दिसायचे नाही. तो पहिल्यापासूनच शंभर मीटर धावावे तसा धावला. जाणत्यांना वाटले, हा निम्म्यावर दमणार. तो दमला नाही. ४७.६ सेकंद, सुवर्णपदक आणि नवा जागतिक विक्रम!

जाता जाता सांगायला हवे की त्याच पॅरिसला आपल्या देशाचाही संघ गेला होता आणि त्याची तयारी मद्रासच्या वाय.एम.सी.ए.चे हॅरी बक यांनी करवून घेतली होती. त्याच्या चार वर्षे आधी, १९२० मध्ये, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या आणि सर दोराबजी टाटांच्या खटपटीने बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले होते. त्यांच्याविषयी पुढच्या अंकात कोणीतरी लिहावे.

लिडेलला पुढे काय नको होते? कीर्ती होती, विद्यापीठाने डोक्यावर घेतले होते, वय बावीस. वर्षभर त्याने धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२५ च्या उन्हाळ्यात तो चीनला निघून गेला. तिएन्त्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात तो विज्ञान आणि खेळ शिकवू लागला. १९३४ मध्ये कॅनेडियन मिशनरी कुटुंबातील फ्लॉरेन्स मॅकेन्झी हिच्याशी त्याचा विवाह झाला. पॅट्रिशिया आणि हेदर या दोन मुली झाल्या.

१९३७ मध्ये सिआओचांग या खेड्यातल्या कामासाठी माणूस हवा होता. रॉब तेथे डॉक्टर होता. जपानी फौजा, चिनी फौजा, लुटारू आणि दुष्काळ यांत सापडलेला तो मुलूख. कुटुंबाला शहरात ठेवून एरिक तेथे गेला आणि सायकलवर, पायी, गावोगाव हिंडला. एकदा जपान्यांनी मानेवर तलवारीचा घाव घालून मेला म्हणून सोडलेल्या एका चिनी माणसाला त्याने खेचराच्या गाडीत घालून, सैनिकांना चुकवीत, मैलोन् मैल चालत दवाखान्यात आणले. तो माणूस जगला. तो चित्रकार निघाला आणि त्याने लिडेलला फुलांचे एक चित्र काढून दिले.

युद्ध जवळ येत चालले तेव्हा १९४१ मध्ये त्याने गरोदर फ्लॉरेन्सला आणि मुलींना कॅनडाला पाठवले आणि स्वतः मागे राहिला. तिसरी मुलगी मॉरीन टोरांटोला जन्मली. बापलेकीची भेट कधीच झाली नाही.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी इतर परदेशी नागरिकांबरोबर त्याला शांटुंग प्रांतातील वेहसिएनच्या छावणीत स्थानबद्ध केले. ही छावणी म्हणजे पूर्वीचे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे आवार. आपल्याकडे मिरजेचे मिशन हॉस्पिटल ज्या मंडळींनी उभारले त्यांचेच. नगरकरांना असल्या छावण्या नव्या नाहीत. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या जर्मनांना, त्यांत मिशनरीही होते, नगरच्या छावणीत आणून ठेवले होते. आणि लिडेल वेहसिएनला होता त्याच काळात नगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद बंदिवासात होते. इकडे कोंडणारे इंग्रज सरकार, तिकडे त्याचीच प्रजा कोंडलेली!

छावणीत पंधराशेवर माणसे होती. अन्न अपुरे, गटारे तुंबलेली, भांडणे रोजची. त्यात आईबापांपासून तुटलेली शाळकरी मुले शंभरावर होती. वसतिगृहात वाढलेल्या लिडेलला त्यांचे दुःख वेगळे सांगावे लागले नसेल. मुले त्याला एरिककाका म्हणत. पुस्तके नव्हती म्हणून रसायनशास्त्राचे पुस्तक त्याने उपकरणांच्या आकृत्यांसह हाताने लिहून काढले. म्हाताऱ्यांसाठी पाणी, कोळसा वाहिला. छावणीत देहविक्रय करणारी एक रशियन स्त्री होती. सभ्य लोक तिच्याकडे पाहत नसत. तिच्या खोलीत त्याने फळी ठोकून दिली. मोबदला न मागता आपले काम करणारा हा पहिलाच पुरुष, असे ती नंतर सांगत असे. मुलांच्या हॉकीच्या काठ्या मोडल्या की तो अंथरुणावरच्या चादरी फाडून त्या बांधून देई.

आणि येथे तो रविवार पुन्हा आला. मुलांना रविवारीही खेळायचे होते. लिडेलने नकार दिला. आपल्याला जमणार नाही म्हणाला. मुले पंचाविनाच खेळली आणि मैदानात मारामारी जुंपली. पुढच्या रविवारी एरिककाका शिट्टी घेऊन मैदानावर उभा होता. राजासाठी, देशासाठी, सुवर्णपदकासाठी जो वार त्याने मोडला नव्हता, तो त्याने या पोरांसाठी मोडला. कोणी म्हणेल त्याचा निर्धार सैल झाला. मला वाटते, वार कशासाठी पाळतात हे त्याला तेव्हा पुरते उमगले होते. पॅरिसच्या नकारापेक्षा मी या शिट्टीला मोठे मानतो. आमच्या काही प्राध्यापकांना हे मत मान्य नाही!

त्याच १९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घरातले विजय हजारे ‘दि रेस्ट’ संघाकडून ३०९ धावा काढत होते. त्यात धाकटे भाऊ विवेक यांच्याबरोबर ३०० धावांची भागी झाली. त्या तीनशेत विवेक यांच्या धावा होत्या २१. दुसऱ्याने खेळावे म्हणून एक टोक धरून उभे राहण्याचे असेही एक धाडस असते. असो.

छावणीत लिडेल मुलांना डोंगरावरील प्रवचन शिकवी. शत्रूवर प्रीती करा हे शक्य तरी आहे का, असा वाद निघाला तेव्हा त्याने पहारेकऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले. ज्ञानदेवांनी आपल्या नेवाशातच दुष्टांचा नाश न मागता त्यांचे दुष्टपण जावे असे मागितले, ते आठवते. स्टीफन मेटकाफ नावाच्या मुलाचे हिवाळ्यात पाय उघडे पडले होते. त्याला लिडेलने आपले जुने, शिवून सांधलेले धावण्याचे बूट दिले. हा मुलगा मोठेपणी मिशनरी झाला आणि गेला तो जपानलाच.

बूट दिल्यानंतर काही आठवड्यांतच, २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, लिडेल वारला. वय त्रेचाळीस. डोके दुखत असे, चाल मंदावली होती. अतिश्रमाने मन थकले असावे असा समज होता आणि त्याच दिवशी पत्नीला लिहिलेल्या पत्रातही त्याने तसेच कळवले होते. मेंदूत गाठ होती हे मृत्यूनंतर कळले. टोरांटोत फ्लॉरेन्सला बातमी पोहोचली मे महिन्यात. ऑगस्टमध्ये छावणी मुक्त झाली.

त्याच्या थडग्यावर एक लाकडी क्रूस रोवला होता आणि त्यावर बुटाच्या पॉलिशने नाव लिहिले होते. पुढे ती खूण नाहीशी झाली. १९९१ साली एडिंबरो विद्यापीठाने स्कॉटलंडहून ग्रॅनाइटची शिळा नेऊन त्या जागी उभी केली.