सर रोनाल्ड रॉस : हिवतापाच्या मागावर

हुडहुडी भरून येणारा हिवताप आपल्या वडीलधाऱ्यांना नवा नव्हता. मात्र या तापाचे बीज डासाच्या पोटात वाढते, हे जगात प्रथम जेथे दिसले ते ठिकाण आपल्यापासून फार दूर नाही, याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही. परभणी जिल्हा ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्याच्या राजधानीलगत सिकंदराबादच्या इंग्रजी छावणीत 20 ऑगस्ट 1897 रोजी हा शोध लागला. तो लावणारे सर रोनाल्ड रॉस.

रॉस यांचा जन्म 13 मे 1857 रोजी अल्मोडा येथे झाला. वडील लष्करी अधिकारी. मुलाचा ओढा काव्य, संगीत आणि गणित यांकडे होता. वैद्यक शिकले ते वडिलांच्या आग्रहाखातर. 1881 मध्ये ते भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले. आरंभीच्या काळात त्यांच्यात मोठ्या संशोधकाची चिन्हे कोणाला दिसली असतील, असे वाटत नाही. 1894 मध्ये रजेवर लंडनला गेले असता पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना रुग्णाच्या रक्तातील हिवतापाचे परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले, आणि हे परजीवी डासात शिरत असावेत असा तर्कही सांगितला. त्या तर्काने रॉस यांना झपाटले.

सिकंदराबादेत परतल्यावर दोन वर्षे ते डास फाडून पाहत राहिले. परंतु ज्या जातींचे डास ते तपासत होते, त्यांत मानवी हिवतापाचा परजीवी वाढतच नाही. एवढे श्रम त्यामुळे वाया जात होते. अखेरीस ठिपकेदार पंखांचे वेगळे डास हाती आले. हुसेन खान नावाच्या रुग्णाने ते स्वतःला चावू दिले. मोबदला एका डासामागे एक आणा. उरलेल्या मोजक्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना काळ्या रंगकणांच्या गोल पेशी दिसल्या. हुसेन खान यांनी आपले रक्त दिले नसते तर हा दिवस उगवला नसता. परंतु पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव क्वचितच आढळते.

त्यानंतर लगेच रॉस यांची बदली झाली आणि काम थांबले. 1898 मध्ये कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग केले. मोहम्मद बक्ष हे त्यांचे विश्वासू साहाय्यक होते. डासाच्या लाळग्रंथीतून परजीवी निरोगी चिमण्यांत जातो, हे तेथे सिद्ध झाले. 1902 चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. मात्र इटलीच्या ग्रासी यांच्याशी श्रेयावरून त्यांनी केलेला कडवट वाद त्यांच्या थोरवीला शोभणारा नव्हता.

पुढे मॉरिशस बेटावर हिवतापाचे मोजमाप करताना त्यांनी मुलांच्या बरगडीखाली हात घालून पानथरी, म्हणजेच प्लीहा, किती वाढली आहे ते पाहिले. ज्या गावात वाढलेल्या पानथरीची मुले अधिक, तेथे हिवताप अधिक. पण पानथरी का वाढते? तो प्रश्न रॉस यांचा नव्हता; त्यांचे सारे लक्ष डासांवर होते. 16 सप्टेंबर 1932 रोजी त्यांचे निधन झाले.

त्या प्रश्नाचे उत्तर उंदरांनी दिले. 1948 मध्ये आफ्रिकेतील कटांगा प्रदेशात रानउंदरांचा हिवताप सापडला आणि तो प्रयोगशाळेतील उंदरांत वाढविता आला. मग दिसले की पानथरी ही लढाईची जागा आहे. तेथे टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी संदेश देतात आणि भक्षक पेशी परजीवीग्रस्त तांबड्या पेशी गिळतात. ज्या उंदरांत टी-पेशी घडविणारी थायमस ग्रंथीच नसते, त्यांना हा परजीवी आवरता येत नाही. तांबड्या पेशीला केंद्रक नसते, आत शत्रू आहे अशी खूण ती मारक पेशींना दाखवू शकत नाही. यकृताची पेशी ती दाखवू शकते. म्हणून मारक टी-पेशींचा खरा उपयोग परजीवी यकृतात असतानाच होतो. याच पेशी काही उंदरांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांना इजा करून त्यांचा जीवही घेतात. संरक्षण आणि संहार यांतील अंतर इतके थोडे आहे.

1967 मध्ये रूथ नुसेन्झ्वाइग यांनी डासातील परजीवी किरणोत्साराने दुबळे करून उंदरांना टोचले. ते उंदीर पुढे हिवतापापासून बचावले. लसीची वाट तेथून निघाली. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली हिवतापाची दुसरी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि आफ्रिकेतील बालकांना दिली जाते.