दाखल्यावर बापाचं नाव काय लिहायचं? फुटपाथवरून वर्गापर्यंत पोहोचलेल्या सुर्वे मास्तरांची गोष्ट

शाळेत मुलाचं नाव घालायचं म्हटलं की फॉर्ममध्ये ठरलेले रकाने येतात. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. बहुतेक घरांत ते अर्ध्या मिनिटात भरून होतात. पण ज्या पोराचे आईबाप कोण हेच कुणाला माहीत नाही, त्याचा फॉर्म कसा भरायचा?

मराठीतल्या एका मोठ्या कवीच्या आयुष्याची सुरुवात याच प्रश्नाने झाली. त्यांचं नाव नारायण गंगाराम सुर्वे.

शंभर वर्षांपूर्वीची मुंबई. गिरण्यांचे भोंगे, चाळी आणि कोकण-घाटावरून पोटासाठी आलेली माणसं. अशाच एका गिरणी कामगाराला, गंगाराम सुर्वे यांना, रस्त्यावर टाकून दिलेलं एक तान्हं मूल मिळालं. ते त्याला घरी घेऊन आले. गंगाराम आणि काशीबाई दोघंही गिरणीत राबणारे. घरात पैसा बेताचाच. तरी त्यांनी या मुलाला वाढवलं, शाळेत घातलं आणि दाखल्यावर स्वतःचं नाव दिलं. जन्मतारीख लागली १५ ऑक्टोबर १९२६.

पुढे तो मुलगा मोठा कवी झाला, पुरस्कार मिळाले, तरी गंगाराम हे नाव त्याच्या नावामधून कधी गेलं नाही. अरुण खोपकरांनी त्यांच्यावर केलेल्या लघुपटाचं नावही ‘नारायण गंगाराम सुर्वे’ असंच आहे. २००२ सालचा सर्वोत्कृष्ट नॉन-फीचर फिल्मचा राष्ट्रीय पुरस्कार या लघुपटाला मिळाला.

पण हे छत्र फार काळ टिकलं नाही. नारायण कसाबसा चौथीपर्यंत शिकला. १९३६ च्या सुमारास गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि नवरा-बायको गावी परतले. जाताना पोराच्या हातावर दहा रुपये ठेवले. दहा वर्षांचं पोर मुंबईत पुन्हा एकटं पडलं.

मग जे काम मिळेल ते केलं. कुणाच्या घरी घरगडी, हॉटेलात कपबश्या विसळणारा पोऱ्या, हमाली, गिरणीतली मजुरी. झोपायला फुटपाथ. याच काळात कामगार चळवळीशी आणि कम्युनिस्ट पक्षाशी नातं जुळलं. मोर्चे, संप, सभा हे सगळं त्यांनी आतून पाहिलं. ‘माझे विद्यापीठ’ हे त्यांच्या कवितासंग्रहाचं नाव आहे. ते विद्यापीठ म्हणजे हीच मुंबई.

१९४८ मध्ये त्यांनी कृष्णाबाईंशी लग्न केलं. त्याही अनाथ. लग्नाला आधार काय, तर एकमेकांचा. संसार छोट्याशा खोलीत, मुलंबाळं वाढतायत आणि त्यातच नवरा कविता लिहितोय. कवितेने घरात रेशन येत नाही. ते कसं भरायचं, ही चिंता कृष्णाबाईंच्या वाट्याला जास्त आली. पुढे त्यांच्या आठवणींचं पुस्तक आलं, त्याचं नाव ‘मास्तरांची सावली’. जगासाठी सुर्वे कवी होते, घरात मात्र ते मास्तर होते.

आता हे मास्तर कसे झाले, तेही बघा. मुंबई महापालिकेच्या शाळेत ते आधी शिपाई म्हणून लागले. शिपाई असतानाच राहिलेलं शिक्षण पुन्हा हातात घेतलं आणि सातवीची परीक्षा दिली. १९६१ च्या सुमारास ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. घंटा वाजवणारा माणूस हजेरीपट घेऊन वर्गात शिरला.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला कवितासंग्रह आला. १९६६ मध्ये ‘माझे विद्यापीठ’, १९७५ मध्ये ‘जाहीरनामा’. गिरणी कामगार, हमाल, वेश्या, पोस्टर चिकटवणारी पोरं ही माणसं त्यांच्या कवितेत आली, आणि तीही आपापल्या बोलीत. हे सगळं लिहिणारा माणूस रोज शाळेत जाऊन कामगारांच्या पोरांना शिकवत होता.

त्यांची ‘तुमचंच नाव लिवा’ ही कविता याच शाळेच्या दारात घडते. एक बाई पोराचं नाव घालायला येते. मास्तर बापाचं नाव विचारतात. तिच्याकडे सांगण्यासारखं नाव नाही. शेवटी ती मास्तरांनाच त्यांचं स्वतःचं नाव लिहायला सांगते.

ही कविता सुर्व्यांच्या आयुष्याशेजारी ठेवून वाचली की जास्त लागते. कधीकाळी त्यांच्याही नावापुढचा रकाना रिकामा होता. एका गिरणी कामगाराने त्यात आपलं नाव लिहिलं, म्हणून हा मुलगा शाळेत बसू शकला. आता टेबलाच्या पलीकडे, हातात पेन घेऊन ते स्वतः होते.

१९९५ मध्ये परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. १६ ऑगस्ट २०१० रोजी ठाण्यात त्यांचं निधन झालं.

तोवर त्यांच्या कवितेतलं गिरणगाव उरलं नव्हतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करत बंद पडल्या आणि लालबाग-परळमधली कितीतरी कुटुंबं ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे सरकली. आज घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या कित्येकांचे आजी-आजोबा सुर्व्यांच्या कवितेतल्या चाळीत राहायचे.

त्या फॉर्ममधले रकानेही आता बदललेत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं महाराष्ट्रात बंधनकारक झालंय. मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. ही मुलं अजून पहिलीत पोहोचायची आहेत. ती पोहोचतील तेव्हा सुर्व्यांच्या कवितेतल्या बाईसारख्या आईला दाखल्यावर निदान स्वतःचं नाव तरी लिहिता येईल.