अरियालूरचा पूल आणि शास्त्रीजी

स्मरणिकेसाठी यंदा विषय मंडळानेच सुचवला. नोकरीत योग्य-अयोग्य कसे ठरवावे, अडचणीच्या वेळी निर्णय कसा घ्यावा, हे आपल्या तरुण मुलांना समजेल असे काहीतरी लिहा, असा निरोप आला. मी पडलो रेल पथ विभागातला डिप्लोमावाला इंजिनिअर. आमच्या पॉलिटेक्निकमध्ये सर्व्हेइंग होते, एस्टिमेटिंग होते, पण हा विषय कुठल्याच सेमिस्टरला नव्हता. त्यामुळे उपदेश करण्यापेक्षा एका माणसाचे चरित्र सांगतो. ते मोठे होते हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांनी साडेचार वर्षे आपली रेल्वे चालवली, हे बाहेरच्या लोकांना फारसे आठवत नाही. २ ऑक्टोबरला गांधीजयंतीच्या गडबडीत त्यांची जयंतीही झाकली जाते. ते म्हणजे लालबहादूर शास्त्री.

शास्त्रीजींचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी मुगलसराय येथे झाला. (२०१८ पासून त्या स्टेशनचे नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन आहे.) वडील शारदाप्रसाद आधी शाळामास्तर होते, नंतर अलाहाबादला महसूल कचेरीत कारकून झाले. मूल दीड वर्षाचे असतानाच ते गेले. आई रामदुलारी देवी मुलांना घेऊन माहेरी आल्या आणि आजोळीच हा मुलगा वाढला. पुढे शिक्षणासाठी बनारसला नातेवाइकांकडे राहिला. घराण्याचे आडनाव श्रीवास्तव. ते जात दाखवते म्हणून त्याने टाकून दिले. १९२१ साली असहकाराची हाक आली तेव्हा मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आलेली असताना शाळा सोडली. विधवा आईचा मुलगा, घरात मिळवते कोणी नाही. तेव्हा हा निर्णय नातेवाइकांना मुळीच पटला नव्हता.

त्यानंतर काशी विद्यापीठात शिक्षण झाले. तिथे तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र हे विषय घेऊन १९२५ साली त्यांनी शास्त्री ही पदवी मिळवली, आणि पदवीच पुढे नाव होऊन बसली. म्हणजे ज्या विषयावर मंडळाने मला लिहायला सांगितले, तो शास्त्रीजी रीतसर शिकले होते. पण मला वाटते खरे शिक्षण पुढे झाले. लाला लजपतराय यांनी १९२१ साली लोकसेवक मंडळ काढले होते. आपल्या गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाच्याच धर्तीवरची ही संस्था. शास्त्रीजी तिचे आजीव सेवक झाले. पगार नावापुरता. ते तुरुंगात असताना घरखर्चासाठी संस्थेकडून महिना पन्नास रुपये येत. ललितादेवींनी सहज कळवले की चाळीसात भागते, दहा शिल्लक राहतात. तेव्हा शास्त्रीजींनी संस्थेला लिहून रक्कम चाळीसवर आणायला लावली, अशी हकीगत त्यांच्या चरित्रांत येते. ललितादेवींना त्या दिवशी काय वाटले असेल, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही! आणखी एक प्रसंग असाच सांगितला जातो. मुलगी आजारी म्हणून त्यांना पंधरा दिवस घरी सोडले होते. मुलगी दगावली. अंत्यविधी उरकून, मुदत शिल्लक असतानाच ते तुरुंगात परत गेले, कारण ज्या कामासाठी सोडले ते काम आता उरले नव्हते. ज्यांना आज यात कठोरपणा दिसेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण ज्या माणसाने हे केले, तो १९५६ साली जसा वागला त्याचे मग मला आश्चर्य वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेशात पोलीस व परिवहन खात्याचे मंत्रिपद त्यांनी सांभाळले. एसटीसारख्या तिथल्या बसमध्ये महिला कंडक्टर नेमण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. १३ मे १९५२ रोजी ते केंद्रात रेल्वे व परिवहन मंत्री झाले.

फाळणीत रेल्वेची मोडतोड झालेली, इंजिने जुनी, रूळ जुने, गर्दी अफाट. पहिल्या पंचवार्षिक योजनेत बराचसा पैसा झिजलेला माल बदलण्यातच जात होता. त्यांच्याच काळात १९५५ साली जुना पहिला वर्ग रद्द झाला आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूंकडे लक्ष द्यायला सुरुवात झाली. पेरांबूरचा डबे बनवण्याचा कारखाना २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाला. आपण बिलासपूरकर ज्या दक्षिण पूर्व रेल्वेत २००३ पर्यंत होतो, ती रेल्वेही १ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांच्याच कारकिर्दीत वेगळी झाली. अपघातांचा अभ्यास करण्यासाठी आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ साली समितीही बसली होती. म्हणजे मंत्री झोपलेले नव्हते.

१९५६ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला महबूबनगरजवळ पुरात पूल गेला आणि गाडी पाण्यात पडली. शंभराहून अधिक माणसे मेली. शास्त्रीजींनी राजीनामा दिला. पंडितजींनी समजूत घातली, तो परत घ्यायला लावला. पावसाळा संपला. आपल्याकडे पावसाळा संपला म्हणजे सुटलो, पेट्रोलिंग बंद, असे आपण धरतो. पण तामिळनाडूच्या बाजूला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच खरा पाऊस असतो. २३ नोव्हेंबर १९५६ रोजी पहाटे मद्रासहून तुतिकोरिनला जाणारी एक्सप्रेस अरियालूरजवळ मरुदयार नदीवर आली. पुराने पुलालगतचा भराव खालून धुऊन नेला होता. इंजिन आणि पुढचे डबे नदीत गेले. दीडशेच्या आसपास माणसे दगावली.

रेल पथावर काम केलेल्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको, पण कॉलनीबाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी लिहितो. पूल सहसा मधोमध मोडत नाही. गर्डर मजबूत असतो. पाणी वाढले आणि पुलाखालून जायला वाट पुरेनाशी झाली की ते बाजूला वळते, आणि पुलाच्या टोकाशी असलेली माती आतल्या आत खाऊ लागते. वरून रूळ जागेवर दिसतात. ड्रायव्हरला दिव्याच्या उजेडात सरळ रस्ता दिसतो, आणि रुळाखाली काहीच नसते. हे ओळखायचे असेल तर पुरात, पावसात, अंधारात कोणीतरी पायी तिथे जाऊन पाहिले पाहिजे. तो म्हणजे आपला पेट्रोलमन. एका हातात कंदील, पिशवीत डिटोनेटर, आणि एक्सप्रेस थांबवायची की जाऊ द्यायची हा निर्णय त्याने एकट्याने घ्यायचा. पुलावर धोक्याच्या पातळीची रेघ असते, तिच्यावर पाणी गेले तर प्रश्नच नाही. प्रश्न रेघेच्या वीतभर खाली असतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका सेक्शनवर एका पेट्रोलमनने रात्री दोनच्या सुमारास मेल थांबवली. नाल्याचे पाणी रेघेच्या खाली होते, पण भरावाच्या कडेची गिट्टी सरकल्यासारखी त्याला वाटली. उजाडल्यावर पाहिले तर सगळे ठीक होते. गाडी पन्नास मिनिटे लेट झाली होती. त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. त्या वर्षी उरलेल्या पावसाळ्यात त्या सेक्शनवर एकही गाडी कोणी थांबवली नाही.

अरियालूरनंतर शास्त्रीजींनी पुन्हा राजीनामा दिला आणि या वेळी मागे घेतला नाही. पंडितजींनी लोकसभेत सांगितले की या अपघाताला शास्त्रीजी व्यक्तिशः जबाबदार नाहीत, तरीही वैधानिक मर्यादेचा पायंडा पडावा म्हणून आपण राजीनामा स्वीकारत आहोत. ७ डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी पद सोडले. त्यांच्या जागी जगजीवनराम आले.

यावर तेव्हापासून आजपर्यंत दोन मते आहेत. दिल्लीतला मंत्री काय गिट्टी टॅम्प करायला जातो, त्याने राजीनामा देऊन काय साधले, असे म्हणणारे आपल्या खात्यातही खूप आहेत. मला त्यांचे अर्धे म्हणणे पटते. राजीनाम्याने पुलाखालची पाण्याची वाट एक फूटही रुंद होत नाही. ते काम कोणीतरी नकाशा घेऊन, पुराच्या जुन्या नोंदी काढून, हिशेब करूनच व्हायचे. उलट कधी कधी मोठा माणूस गेला की लोकांचा राग शांत होतो आणि मूळ कारण तसेच पडून राहते, हाही धोका असतो. एकाच वर्षात एकाच जातीचा अपघात दोनदा झाला, हे इंजिनिअरने विसरता कामा नये.

उरलेले अर्धे मात्र पटत नाही. कुठल्याही खात्यात अपघात झाला की दोष पाण्यासारखा उताराकडे वाहतो. वरून खाली, साहेबाकडून इन्स्पेक्टरकडे, इन्स्पेक्टरकडून मुकादमाकडे, आणि शेवटी ज्याच्या खाली कोणी नाही त्या गँगमनपाशी जाऊन थांबतो. प्रत्येक जण जबाब लिहिताना आधी स्वतःला वाचवतो. मग खरे कारण कागदावर येतच नाही, आणि कारण सापडले नाही तर उपाय कसला करणार? शास्त्रीजींनी दोषाचा हा उतार निदान एकदा उलटा केला. दोष माझा नाही, पण जबाबदारी माझी आहे, हा फरक त्यांनी बोलून नव्हे तर खुर्ची सोडून दाखवला. सर्वांत वरचा माणूस आधी पुढे होतो तेव्हा खालच्याला खरे सांगण्याची थोडी हिंमत येते. १९९९ साली गैसलच्या अपघातानंतर नीतीश कुमार यांनी रेल्वेमंत्रिपद सोडले, तेव्हाही सगळ्यांना आठवण अरियालूरचीच झाली.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. रेल्वे अपघातांची चौकशी करणारे सरकारी निरीक्षक, ज्यांना १९६१ पासून आपण कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टी म्हणतो, ते १९४१ सालापासून रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नाहीत. ज्याचे काम तपासायचे त्याच्याच ताटाखालचे मांजर तपासनीस नको, म्हणून त्यांना वेगळ्या खात्यात ठेवले, आणि नागरी विमान वाहतूक ज्या मंत्र्याकडे असेल त्याच्या अखत्यारीत ते राहिले. १९५७ च्या निवडणुकीत शास्त्रीजी अलाहाबादहून निवडून आले आणि परिवहन व दळणवळण मंत्री झाले. विमान वाहतूक त्याच मंत्रालयात होती. म्हणजे अपघातासाठी रेल्वे सोडलेला माणूस वर्षाच्या आत अपघाताची चौकशी करणाऱ्यांचा मंत्री झाला होता.

पुढे वाणिज्य व उद्योग, आणि १९६१ साली पंतांच्या निधनानंतर गृहखाते. तिथे असताना १९६२ साली त्यांनी भ्रष्टाचार रोखण्यासाठी के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हे संथानमही १९४८ ते १९५२ रेल्वेचे राज्यमंत्री होते. त्यांच्या शिफारशीवरून फेब्रुवारी १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला. आपल्याकडे व्हिजिलन्सचे नाव काढले की लबाड ठेकेदारापेक्षा प्रामाणिक सुपरवायझरच जास्त घाबरतो, आणि मग निर्णयच घेत नाही. फाइल फिरत राहते. निर्णय न घेणारा माणूस हात स्वच्छ ठेवतो खरा, पण पूल तसाच राहतो. समिती नेमणाऱ्यांच्या मनात हे नक्कीच नसावे.

ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेखाली त्यांनी पुन्हा पद सोडले, जानेवारीत पंडितजींच्या आजारपणात परत आले, आणि ९ जून १९६४ रोजी पंतप्रधान झाले. अवघे एकोणीस महिने मिळाले. १९६५ चे युद्ध, यशवंतराव संरक्षणमंत्री असताना आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडण्याचा निर्णय, धान्यटंचाईत सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन, हे आपल्या आईवडिलांच्या तोंडून सर्वांनी ऐकले आहे. ताश्कंदला १० जानेवारी १९६६ रोजी करार झाला. त्यात जिंकलेली हाजीपीर खिंड परत द्यावी लागली आणि देशात त्यावर टीकाही झाली. त्याच रात्री, ११ तारीख लागल्यावर, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय ६१. यशवंतरावही ताश्कंदला सोबत होते. त्याच वर्षी मरणोत्तर भारतरत्न मिळाले, आणि देशातले मोठे अधिकारी जिथे प्रशिक्षण घेतात त्या मसुरीच्या अकादमीला १९७२ साली शास्त्रीजींचे नाव देण्यात आले.

त्यांच्या मुलांनी सांगितलेली एक हकीगत आहे. पंतप्रधान झाल्यावर घरच्यांच्या आग्रहाने शास्त्रीजींनी फियाट गाडी घ्यायचे ठरवले. किंमत बारा हजार, बँकेत शिल्लक सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी पंजाब नॅशनल बँकेत इतरांसारखाच अर्ज केला. कर्ज फिटण्याआधीच ते गेले. ललितादेवींनी ते आपल्या पेन्शनमधून फेडले. ती गाडी दिल्लीत त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे.