कोल्हापुरचे बिऱ्हाड

सज्जनहो, आमच्या जालन्याहून वेरूळ काही फार लांब नाही. त्याच बाजूच्या देवगावी शके १५५० (सन १६२८) मध्ये संत बहिणाबाई जन्मल्या. तिसऱ्या वर्षी लग्न; पती शिऊरचे पाठक, बिजवर, तिशीचे, वेदपाठी. पुढे भाऊबंदांच्या तंट्यापायी आईवडील, लेक नि जावई, सारेच रातोरात परागंदा झाले. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करीत कोल्हापुरास बहिरंभटांकडे उतरले. बाई तेव्हा अकरा वर्षांच्या.

तेथे दानात आलेल्या कपिलेच्या वासराला बाईंचा भारी लळा. कीर्तनालासुद्धा मागोमाग यायचे! जयरामस्वामींनी त्याला कौतुकाने आत घेतले, बाईंच्या मस्तकी हात ठेवला. हे पतीच्या कानी गेले. त्यांनी बाईंना बांधून मारले. गाय-वासराने चारापाणी टाकले, वासरू गेले. बाई निश्चेष्ट पडल्या. त्यातच स्वप्नात तुकोबारायांचा अनुग्रह झाला. महाराज तेव्हा देहूस हयात होते.

ब्राह्मणाच्या बायकोला शूद्र गुरू? पती घर सोडून निघाले, तोच आजारी पडले. महिनाभर अंथरूण धरले, तेव्हा अभिमान गळाला. मग त्यांनीच बाईंना देहूस नेले.

आम्ही कीर्तनकार तो मार गुळगुळीत करून सांगतो. ते बरे नव्हे. बाईंनी आपल्या आत्मचरित्राच्या अभंगांत तो लपविला नाही. वेदपाठाने जो क्रोध गेला नाही, तो परक्या गावच्या बिऱ्हाडात गेला. सन १७०० मध्ये बाईंनी देह ठेवला. समाधी शिऊरास आहे. तेथे माथा टेकताना हेही आठवावे. रामकृष्णहरि!