संत ऑगस्टीन आणि कानांचं सुख

जुन्या गोव्याला गेलेल्या प्रत्येकाने टेकडीवरचा तो पडका मनोरा पाहिलेला असतो. जांभ्या दगडाचा, ४६ मीटर उंचीचा. १८४२ साली तिथल्या चर्चचं छत कोसळलं. मनोऱ्यातली मोठी घंटा पुढे पणजीच्या चर्चमध्ये आणली गेली. ज्यांच्या नावाने हा मनोरा ओळखला जातो ते संत ऑगस्टीन गोव्यात कधी आले नव्हते. हा मठ उभा राहण्याच्या हजारांहून जास्त वर्षं आधी ते आफ्रिकेत होऊन गेले. पण घंटेच्या निमित्ताने त्यांची आठवण काढायला हरकत नाही. कानावर पडलेला सूर माणसाच्या आत काय करतो, हे त्यांनी स्वतःच्याच मनावर तपासून पाहिलं आणि जे दिसलं ते न लपवता लिहून ठेवलं.

इ. स. ३५४ मध्ये थागास्ते या गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव आजच्या अल्जीरियात येतं. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती, वडील पात्रिशियस जवळजवळ अखेरपर्यंत जुन्या रोमन धर्माचे. शाळेत असताना व्हर्जिलच्या काव्यातली दिदो राणी मेली म्हणून हा मुलगा रडायचा. पुढे शिक्षणासाठी कार्थेजला गेल्यावर नाटकांचं वेड लागलं, आणि नाटक जितकं दुःखी तितकं त्यांना जास्त आवडायचं. डोळ्यांतून पाणी आलं नाही तर पैसे वाया गेल्यासारखं वाटायचं म्हणा ना!

मोठेपणी त्यांना या गोष्टीचं नवल वाटू लागलं. जे दुःख स्वतःच्या वाट्याला आलेलं चालणार नाही, ते रंगमंचावर बघायला माणूस हौसेने का जातो? आमच्याकडे जत्रेच्या नाटकात ‘एकच प्याला’मधल्या सिंधूसाठी पदराने डोळे पुसणाऱ्या बायका पुढच्या वेळी पुन्हा पुढची जागा धरतात. मांडो ऐकणाऱ्यांचंही तेच. आज मानसशास्त्रज्ञ दुःखी संगीताच्या या कोड्यावर प्रयोग करतात. ऑगस्टीन यांनी ते सोळाशे वर्षांपूर्वी विचारलं होतं, तेही स्वतःला आरोपी करून.

मधली वर्षं भटकंतीची. वक्तृत्व शिकवायचं, नऊएक वर्षं मानी पंथात राहायचं, जिचं नाव त्यांनी कुठेच लिहिलं नाही अशा एका स्त्रीबरोबर संसार, आणि तिच्यापासून झालेला मुलगा आदेओदातुस. ३८४ साली ते मिलान शहरात वक्तृत्वाचे प्राध्यापक झाले. तिथे बिशप होते अंब्रोज.

३८६ मध्ये मिलानमध्ये मोठा प्रसंग झाला. बालसम्राटाची आई जुस्तिना हिला शहरातलं एक चर्च आपल्या आरियन पंथासाठी हवं होतं. अंब्रोज देईनात. लोक चर्चमध्येच पहारा देत बसले, त्यांत मोनिकाही होती. भीतीने आणि जागरणाने माणसं खचू नयेत म्हणून पूर्वेकडच्या चर्चसारखं सगळ्यांनी मिळून स्तोत्रं गाण्याची पद्धत तिथे सुरू झाली. गाण्याने जमावाला धीर येतो हे अंब्रोज यांनी बरोबर ओळखलं होतं. गंमत म्हणजे ऑगस्टीन तेव्हा त्याच शहरात असूनही आतून कोरडेच होते. त्याच वर्षी बागेत बसले असता शेजारच्या घरातून एका मुलाचा गाण्यासारखा आवाज आला. काहीतरी उचलून वाचायला सांगणारा, तेच तेच म्हणणारा. मुलांच्या कुठल्या खेळात असं गाणं असतं का, हे त्यांनी आधी आठवून पाहिलं. मग बायबल उघडलं, आणि पुढचं आयुष्यच बदललं. ३८७ च्या ईस्टरला मुलासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून चर्चमधलं गाणं ऐकलं की त्यांचे डोळे वाहू लागत, आणि त्या रडण्यात त्यांना बरं वाटे.

पण मला त्यांच्या चरित्रातला सगळ्यांत जिव्हाळ्याचा वाटतो तो त्याच वर्षीचा पुढचा प्रसंग. आफ्रिकेला परतताना रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका आजारी पडली आणि गेली. ती ५६ वर्षांची, ते ३३ चे. त्यांनी आईचे डोळे मिटले. नातू मोठ्याने रडू लागला, त्याला सगळ्यांनी गप्प केलं. एका मित्राने स्तोत्र म्हणायला घेतलं, घरातल्यांनी साथ दिली. ऑगस्टीन मात्र रडले नाहीत. आई देवाघरी गेली असताना रडणं श्रद्धेला शोभत नाही, असं त्यांनी मनाला बजावलं होतं. दफनाच्या वेळीही डोळे कोरडे. स्नानाने दुःख हलकं होतं असं ऐकलं होतं म्हणून स्नान करून आले, पण काही फरक नाही. मग झोपले. जाग आल्यावर अंथरुणावर पडल्या पडल्या अंब्रोज यांचं संध्याकाळचं एक स्तोत्र मनात आलं. कोणी गात नव्हतं, नुसतं आठवलं. हळूहळू आई आठवू लागली आणि मग बांध फुटला.

सांत्वनाने, स्नानाने, विचाराने जे जमलं नाही ते आठवणीतल्या चार ओळींनी केलं. त्या स्तोत्राने पुढेही त्यांची पाठ सोडली नाही. ‘दे मुसिका’ या सहा भागांच्या ग्रंथात ताल-मात्रांचा विचार करताना त्यांनी त्याचीच ओळ उदाहरणाला घेतली. नाद आधी हवेत असतो, मग कानात, मग स्मृतीत, आणि हे बरं की वाईट हे ठरवणारं आणखी काहीतरी मनात असतं, अशी त्यांची मांडणी आहे. नंतर ‘कन्फेशन्स’मध्ये, म्हणजे आत्मकथनात, काळ म्हणजे काय हे शोधताना पुन्हा तीच ओळ. पाठ असलेलं स्तोत्र म्हणताना मन अर्धं पुढच्या शब्दाची वाट पाहत असतं आणि अर्धं मागचं सांभाळत असतं, असं त्यांनी दाखवलं. १९५६ साली लेनर्ड मेयर या अमेरिकन संगीतज्ञाने संगीतातल्या भावनेचं मूळ अपेक्षेत शोधलं. समेची वाट पाहणाऱ्या आपल्या श्रोत्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

३९१ मध्ये ते हिप्पो या बंदराच्या गावी धर्मगुरू झाले आणि चारपाच वर्षांत बिशप. आणि इथे त्यांची पंचाईत सुरू झाली. आपण शब्दांनी हलतो की नुसत्या सुरांनी? सुरांनीच हलत असू तर ते पाप, मग गाणं न ऐकलेलंच बरं. अलेक्झांड्रियाचे अथानासियस स्तोत्रं जवळजवळ बोलल्यासारखी म्हणवून घेत, तेच सुरक्षित, असंही त्यांना कधीकधी वाटे. पण मग मिलानमधले अश्रू आठवत. आपल्या प्रत्येक भावनेचा कुठल्या तरी सुराशी गुप्त नातेसंबंध असतो, हेही त्यांनी मान्य केलं होतं. शेवटी कौल गाण्याच्या बाजूने दिला, तोही जरा कचरतच. गाणारा दुप्पट प्रार्थना करतो, हे वाक्य त्यांच्या नावावर छापलं जातं, पण त्यांच्या लेखनात ते तसं सापडत नाही. ते असं सोपं बोलणारे नव्हतेच.

लोकांना प्रवचन देताना मात्र ते मोकळे होत. कापणी करणारे, द्राक्षमळ्यात राबणारे लोक आधी शब्दांनी गातात, मग आनंद इतका वाढतो की शब्द सुटतात आणि नुसता सूर उरतो, असं त्यांनी सांगितलं आहे. देवाची स्तुती अशीच करावी, कारण तो शब्दांत मावत नाही. आपण याला आलापी म्हटलं असतं.

४३० साली व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. तिसऱ्या महिन्यात म्हातारे बिशप तापाने अंथरुणाला खिळले. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून त्यांनी भिंतीवर लावून घेतली. शेवटचे दहाएक दिवस वैद्य आणि जेवण आणणाऱ्यांखेरीज कोणाला आत येऊ दिलं नाही. भिंतीकडे तोंड करून वाचायचे आणि रडायचे. २८ ऑगस्टला ते गेले. शहराला वेढा तसाच पडलेला होता.