रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली, सायकली विकल्या आणि पुढं किर्लोस्करवाडी उभी राहिली

परभणी, पाथरी, जिंतूर, कुठल्याही गॅरेजवर जा. दुधाचे कॅन नाहीतर खताची पोती वाहणारा गाडीवाला मेकॅनिकला सांगत असतो, पुढची गरारी एक दात लहान टाक. मग गाडी ओढायला लागते. हेच दातांचं गणित लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या पहिल्या धंद्यात होतं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. पण काही रंग त्यांना नीट ओळखूच यायचे नाहीत. चित्रकला सुटली, यंत्रांचं ड्रॉइंग मात्र जमलं, आणि व्हीजेटीआयमध्ये मास्तरकी मिळाली.

१८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. भाऊ रामूअण्णा ते सांभाळायचे. सायकल तेव्हा नुकतीच बदलली होती. आधीच्या सायकलचं पुढचं चाक अवाढव्य, कारण पायडल थेट त्यालाच. एक फेरा मारला की चाकाचा एकच फेरा, म्हणून वेग हवा तर चाकच मोठं करा. १८८५ च्या इंग्लंडमधल्या रोव्हर सायकलने हे काम साखळीवर सोपवलं. पायाशी मोठी गरारी, मागं लहान. एका फेऱ्यात चाक जास्त फिरतं.

मोटारसायकलमध्ये नेमकं उलटं आहे. इंजिन आधीच भन्नाट फिरतं, त्याला जोर हवा असतो. म्हणून पुढं लहान, मागं मोठी. समजा पुढं १४ दात, मागं ४२. म्हणजे पुढच्या ३ फेऱ्यांत चाकाचा १ फेरा. पुढं १३ केले तर ३.२३ फेरे लागतात. त्याच गिअरला चाकावरचा जोर सुमारे ८ टक्के वाढतो, पण ज्या आरपीएमला गाडी ६० ने जायची तिथं आता ५५-५६ च. हायवेवर इंजिन बोंबलतं, पेट्रोलही जास्त जातं. मागची गरारी ४५ दातांची केली तरी जवळपास तेवढाच फरक पडतो. फुकटात काही मिळत नाही, मेकॅनिक काहीही सांगो.

तर व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून दुसऱ्याला जागा दिली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. सायकलबरोबर कडबा कापायची यंत्रं बनवली. १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, असा शेतकऱ्यांचा समज. दोन वर्षं नांगर पडून राहिले! खरं तर माल चांगला होता, गिऱ्हाईकच घाबरलेलं. पण त्यांनी नांगर सोडला नाही.

धंदा जरा लागतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला लावली. चाळिशीच्या आसपासचा माणूस, पुन्हा शून्यावर. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ दिला. नुसतं निवडुंग आणि साप. १९१० मध्ये तिथं कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. त्या कुंडल रोड स्टेशनचं नाव आज किर्लोस्करवाडी आहे.